आम्ही

पॅनलवर आम्ही तिघं होतो.
एचआरचा एक जण, ज्याला वॉर्डातला वास सोसत नाही,
शस्त्रक्रिया विभागाची मॅट्रन,
आणि मी, एलिद गिलख्रिस्ट,
छातीच्या वॉर्डात एकोणीस वर्षं.
खिडकीबाहेर डंडीचं मळकं आभाळ, टे नदीवरचा लांबलचक पूल,
टेबलावर बिस्किटं. कुणी हात लावला नाही.

रुतेन्दो मुकारातिर्वा आत आली तेव्हा
रात्रपाळी संपून तिला दोनच तास झाले होते.
तोंड धुतलेलं, कानामागे मास्कचा वळ.
चौथी खेप तिची.
पाचव्या श्रेणीतून सहाव्या श्रेणीत.
कागदावर एक आकडा, फिकट निळ्याचा गडद निळा गणवेश,
आणि पाळ्यांचा तक्ता आखायचा हक्क.
नाताळची रात्र दरवर्षी कुणाच्या गळ्यात पडते
ते तिला कुणी सांगायला नको.

प्रश्न तिसरा: नेतृत्वाचं एक उदाहरण द्या.

"त्या रात्री दोन खाटांवर एकदमच हृदय थांबलं.
आम्ही पडदे ओढले. आम्ही माणसं वाटून घेतली.
नव्या पोराचे हात कापत होते,
आम्ही त्याला मोजायला लावलं, मोठ्याने."

"पण तुम्ही स्वतः काय केलंत?"

ती थांबली. जणू त्याने विचारलं होतं
भाकरीतलं पीठ कुठलं आणि पाणी कुठलं.
"आम्ही," ती म्हणाली, "दोघांनाही परत आणलं."

पाचापैकी दोन.
शेरा: व्यक्तिगत योगदान स्पष्ट नाही.
अक्षर माझं आहे. नाकारत नाही.

पद मिळालं कॅलमला.
तो नवा पोर हाच.
मनाने वाईट नाही. शीर सापडली नाही की
"रुतेन्दो, जरा बघतेस?" म्हणायचा.
मुलाखतीत नऊ वेळा "मी" म्हणाला
आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.
मोठ्याने मोजलं होतं ना त्यानेच.

नंतर अभिप्राय द्यायचा असतो, तसा नियम आहे.
औषधांच्या खोलीत, फ्रिजच्या घरघरीत मी तिला सांगितलं,
"मी म्हणायला शीक, बाई."
तिने मान हलवली. पेन खिशाला लावलं.

दुसऱ्या सकाळी, वॉर्ड सोपवताना:
"मी चार नंबरचा ऑक्सिजन वाढवला.
मी डॉक्टरांना तीनदा फोन केला, चौथ्यांदा ते आले.
मी सात नंबरच्या आजींची कवळी शोधली, उशीच्या अभ्र्यात होती.
मी कॅलमने काढलेलं इन्सुलिन पुन्हा तपासलं.
मी ते फेकायला लावलं."

कॅलम बुटांकडे बघत होता.
माझ्या हातातला चहा निवला.
किती वर्षं त्या एका शब्दाखाली
तिने आम्हा सगळ्यांना झाकून घेतलं होतं,
पांघरूण अपुरं, तरी ओढून ओढून.

मी वर गेले. म्हटलं, गुण पुन्हा तपासा.
"प्रक्रिया पूर्ण झाली आहे."
हा शब्द ते भुलीच्या इंजेक्शनसारखा वापरतात,
टोचला की समोरचा गप्प.
मी लेखी दिलं. खाली सही एकच.
मॅट्रन आता जिन्यात भेटली की
घड्याळ बघते.

मार्चमध्ये पुन्हा जागा निघाली.
अर्ज शुक्रवारी बारापर्यंत.
"वाचून देशील?" रुतेन्दोने विचारलं.
सव्वीस वेळा "मी". मी मोजले,
जखमेचे टाके मोजावेत तसे.
एका ठिकाणी मात्र तिने "मी" खोडून
शाईने "आम्ही" लिहिलं होतं.
मिस्टर पेट्री गेले ती पहाट.
एक हात तिच्या हातात, दुसरा माझ्या,
खाली रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी फिरत होती.

"इथे गुण जातील," मी म्हटलं.
"जाऊ देत. तिथे आम्हीच होतो."

पुढच्या पानावर तारखेची एक चूक होती,
तेवढी दुरुस्त केली.
बारा वाजायला अजून चाळीस मिनिटं होती.