ईरव्वा, मंगळवारी

तू विचारायलीस, तिथं नेमकं काय करतात.
सुई नाही. शॉक नाही.
अंगातलं उतरवतात तसलं तर काहीच नाही.
सिव्हिलच्या मागच्या अंगाला एक खोली,
पंखा आहे, पण आवाज करतो,
आणि एक पोरगी, माझ्या नातीहून दोन वर्षांनी मोठी,
चष्मा सारखा नाकावर घसरणारा.
मनात म्हटलं, हिला काय सांगायचं,
हिची आईसुद्धा तेव्हा परकरात असेल.

पहिल्या दिवशी तिनं आगीचं विचारलंच नाही.
झोप विचारली. बीपीची गोळी सकाळची की रात्रीची,
डाव्या कानानं ऐकू येतं का,
जिना चढताना धाप लागते का.
मग म्हणाली, मावशी, घाई नाही.
मला हसूच आलं.
दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला
अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी म्हणतंय, घाई नाही.

चार मंगळवार नुसते
पाय जमिनीला टेकवून बसण्यात गेले.
फरशी गार आहे का. किती गार.
खोलीत हिरवं काय काय दिसतं.
वेडेपणा वाटतो. वाटू दे.

पाचव्या का सहाव्या वेळी
माझ्या तोंडून शटर निघालं.
तुला ठाऊक आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे,
टॉवेलचा कारखाना, रात्रपाळी, बाहेरून कुलूप,
आणि आतून सत्तय्या, माझा धाकटा, सोळाचा,
पत्र्यावर हातानं मारत होता.
ठाऊक आहे म्हणूनच कुणी कधी विचारलं नाही.
चव्वेचाळीस वर्षं मी सकाळी नऊच्या आत,
दुकानं उघडायच्या आत, पाणी भरून घरात.
रेडिओ मोठा.
पोरं म्हणायची, आईला गाणी लै आवडतात.

एक मात्र आधीच सांगून ठेवते:
मधे बिघडतं.
तीन आठवडे मी भाकऱ्या करपवल्या,
रात्री दोनला उठून कडी चाचपली,
सुनेवर ओरडले, चहात साखर जास्त म्हणून.
वाटलं, झाकलेलं होतं तेच बरं होतं.
एक मंगळवार गेलेच नाही.
पोरीचा फोन आला. रागावली नाही.
म्हणाली, येणं न येणं तुमच्या हातात आहे, मावशी.
माझ्या हातात!
किल्ली मॅनेजरच्या खिशात होती गं, ईरव्वा.
त्या रात्रीपासून माझ्या हातात काही आहे
असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मग सांगितलं, ओळीनं, पहिल्यापासून.
पुन्हा सांगितलं. पुन्हा.
मला वाटायचं, मी नुसती उभी होते.
चौथ्यांदा सांगताना माझी नजर माझ्याच तळव्यावर गेली.
हा व्रण बघ.
इतकी वर्षं मी म्हणत आले, चुलीवर भाजलं.
शटर तापलेलं होतं. मी ते उचलत होते.

विसरायला होतं का? नाही.
सत्तय्या परत येत नाही.
पण आता तो नुसता पत्र्यावर मारत नाही.
कधी शेंगाचटणी बोटानं चाटतो,
तेलुगूत मला शिवी देतो, पळतो.

परवा नऊला म्हेत्रेच्या दुकानासमोर थांबले.
शटर वर गेलं.
छातीत धडधडलं, गुडघे लटपटले, खोटं कशाला सांगू.
पायाखाली फरशी नव्हती, डांबर होतं.
गरम, म्हटलं मनात. लै गरम.
मग म्हेत्रेला म्हटलं, तेल घाल की रे त्याला, किती करकरतंय.
तो म्हणाला, आजी, आजवर कुणी बोललंच नाही.

तुझं काय आहे ते मला सांगू नकोस.
दुपारी आडवी होताना तू दाराकडे पाठ करत नाहीस,
तेवढं मी बघितलंय, बास.
मंगळवारी सव्वादहा. केसपेपरचे सुट्टे घे,
चष्मा घे, गोळ्यांची पिशवी घे.
मी बाहेर बाकावर बसते.
पंखा आवाज करतो, तेवढं सांभाळून घे.