आठवड्याची नोंद

भिंतीवर काउंटीचा नकाशा आहे, वरचा कोपरा फाटलेला.
तिथे जे गाव होतं तेही उठून गेलं,
म्हणून कुणी चिकटवत बसलं नाही.
साठ मैल रुंद, नव्वद मैल लांब,
माणसं अकराशे,
आम्ही गणवेशातले चौघं, आणि डार्लिस.

डार्लिस म्हणजे आमची रात्र.
सव्वीस वर्षं एक कान हेडफोनला,
दुसरा मोकळा, बॉयलर बंद पडतोय का ऐकायला.
पेन्सिल दातांत.

सोमवारी ती रजिस्टर उघडते
आणि साप्ताहिकाच्या शेवटच्या पानासाठी
आमचा आठवडा टाइप करते.
नावं घालायची नाहीत, हा शेरीफ ब्येर्केंचा नियम.

‘रात्री ११.४०. हायवेवर सात काळ्या गाई.
मालक म्हणतो, माझ्या सहाच. सातवीची चौकशी चालू.’

‘पहाटे ४. अंगणात कुणीतरी उभं असल्याची तक्रार.
नातवंडांनी केलेला बर्फाचा माणूस निघाला.
बाईंनी कॉफी दिली. बसलो.’

‘उत्तरेचा रस्ता बंद आहे.
खरंच बंद आहे का, हे विचारायला फोन करू नये.’

लोक पेपर मागूनच उघडतात.
सहा गाई कुणाच्या,
हे पावाचे पैसे देईपर्यंत ठरलेलं असतं.

सकाळी सातला, घरी जायच्या आधी,
एकट्या राहणाऱ्या एकोणीस जणांना ती फोन लावते.
उठलात?
उठलो.
एवढंच. फक्त ओले फिन्सेट
रिसीव्हर रेडिओपाशी धरून तिला हवामान ऐकवतो,
जे रेडिओला तिनेच कळवलेलं असतं.
ती शेवटपर्यंत ऐकते.

फेब्रुवारीतला गुरुवार. उणे एकोणतीस.
मी हीटरवर मोजे वाळवत होतो.
फोन वाजला, ती नेहमीसारखीच म्हणाली, ‘पत्ता सांगा.’
पेन्सिल चालत राहिली.
पत्ता तिचाच होता.

‘दार किती वेळ उघडं दिसतंय?’
‘पावलं कुठल्या बाजूला गेलीत?’
‘अंगावर काय होतं?’ असंही तिने शेजारणीला विचारलं,
पायजम्याची बटणं संध्याकाळी
स्वतः लावून आली होती, तरी.

मग माझ्याकडे न बघता:
‘निळा पायजमा. पायात सपाता.
धान्याच्या कोठाराकडे बघ आधी.’

लेलंड तिथेच होता, ट्रकच्या वजनकाट्यावर ताठ उभा,
कुणीतरी वजन वाचील म्हणून थांबलेला.
एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला
तो स्वतः बसत असे.
मी माझा कोट त्याच्यावर घातला.
तो हलेना. ‘पावती?’
कोठार कुलूपबंद. मी काचेतून वाचल्यासारखं केलं
आणि दंडाच्या पुस्तकातलं कोरं पान फाडून दिलं.
त्याने ते उलटंसुलटं पाहिलं, घडी घातली,
आणि गाडीत बसला.

‘सापडला,’ मी रेडिओवर म्हणालो.
‘वेळ?’
‘बारा सतरा.’
‘नोंद केली.’
पण बटणावरचं बोट तिने उचललं नाही.
मला बराच वेळ बॉयलर ऐकू येत होता.

सोमवारी शेरीफ तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.
‘हे गाळलं तरी चालेल, डार्लिस.’
‘दुसऱ्यांच्या गाई छापते मी,’ ती म्हणाली.

‘गुरुवार, रात्री १२.१७. वृद्ध गृहस्थ कोठारापाशी.
घरी पोचवले. पायांची बोटं शाबूत.’

बुधवारी पेपर आला. दुकानात त्या दिवशी
पावाच्या भावावर फार वेळ बोलणं चाललं.
शुक्रवारी तिच्या दाराला
आतून नवी कडी होती, आणि वर गाईच्या गळ्यातली घंटा.
कुणी बसवली, याची रजिस्टरात नोंद नाही.

आणि सातला ओले फिन्सेटने रेडिओ लावलाच नाही.
ती ‘उठलात’ म्हणायच्या आत
त्याने विचारलं, ‘तो उठला?’

‘झोपलाय अजून,’ डार्लिस म्हणाली.
मग म्हणाली, ‘हवामान काय म्हणतंय?’