दोन तास चाळीस मिनिटं

दाभोळच्या धक्क्याला लागून माझं दुकान.
काचेवर विमानाचं चित्र,
एक पंख उन्हानं विटलेला,
दुसऱ्यावर झेरॉक्सचे दर.
मी स्वतः विमानात कधी बसलेलो नाही.
पण कुठून कुठे किती तास, ते मला विचारा.

जैबूनखाला परकार पलीकडून यायच्या फेरीबोटीनं,
रिचार्ज मारायला,
आणि दर खेपेला विचारायच्या,
मस्कत किती लांब रे?
मुंबईहून दोन तास चाळीस मिनिटं.
"म्हणजे माझ्या नणंदेच्या खेडपेक्षा जवळच की!
एस्टी दापोलीत चहालाच अर्धा तास काढते."

हमजाचाचा बाहेर खुंट्यावर बसलेले असायचे.
जुने खलाशी, अंतर दिवसांत मोजायचे:
एडन नऊ, मोंबासा पंधरा.
विमानाला काय कळतंय, म्हणायचे,
मधलं पाणी बघतच नाही ते.

एकदा साजिदचं तिकीट हातात धरून खाला म्हणाल्या,
चारला निघतं नि पाच-दहाला पोचतं?
मग दीड तास गेला कुठं?
तिथली घड्याळं मागे, मी म्हटलं.
जाताना दीड तास फुकट मिळतो,
येताना कापून घेतात.
"सावकारीच ही,"
आणि सुक्या बोंबलांची पिशवी काट्यावर ठेवली,
तीस किलोत बसतंय का बघायला.

चाचा गेले त्या पहाटे फोन मला आला.
पहिलं विमान कुठलं?
मी लुंगीवरच शटर वर केलं.
मस्कतहून नऊ पन्नास.
दोन तास चाळीस मिनिटं.
मुंबईत उतरेल
दोनला.
लिहिताना पेन अडलं.
दीड तास.
आजच कापायचा होता.

परशुराम घाटात दरड, म्हणून गाडी मंडणगडावरून.
पलीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, इशापर्यंत थांबू.
मग ठरवलं, थोडं आणखी.
बर्फाच्या सहा लाद्या माझ्यासमोरूनच बोटीत चढल्या,
मासळीच्या टेम्पोतून काढलेल्या,
गोणपाटात.

शेवटची फेरी साडेनऊला.
तेव्हा साजिद दापोलीच्याही अलीकडे होता.
मी हरेश्वर भाटकरला काहीच बोललो नाही.
त्यानं रॅम्प उचलला, परत खाली टाकला,
म्हणाला, इंजिन जरा तापलेलं वाटतंय, बघतो.
दोन मोटारसायकली, एक टेम्पो.
कुणी हॉर्न वाजवला नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी साजिद उतरला,
विमानातली ती मानेची उशी गळ्यात तशीच.
किती वेळ लागेल, त्यानं विचारलं,
मलाच,
आयुष्यभर ज्यानं लोकांना वेळा सांगितल्या त्याला.
दहा मिनिटं, म्हटलं.
पाणी उतरत होतं.
पलीकडे मोबाईलचे उजेड
जेटीपासून वरपर्यंत, हलत नव्हते.
एवढं अंतर मी कुठल्याच तिकिटावर छापलेलं नाही.

इद्दत संपल्यावर खाला आल्या.
चार महिने दहा दिवसांनी.
रिचार्ज नको म्हणाल्या.
पासपोर्ट ठेवला काउंटरवर, करकरीत कोरा,
फोटोत डोळे मिटल्यासारखे.
जाताना तो दीड तास मिळतो ना?
मिळतो, खाला.
"मग काढ तिकीट.
आमचं येणं आहे तिकडे."