आवक-जावक

रविवारी दहाला शटर वर करतो.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओततो,
वाळ्याच्या जुन्या ताट्या थोपटतो,
मग आवक-जावकच्या वहीत तारीख टाकतो.
दारावरच्या पाटीवर हे तिसरं नाव.
स्टेपलर तोच, टेबलाचा हलता पाय तोच,
आणि टंकलेखक यादव बुरडे, तोही तोच.

लोक येतात.
दुरांतोत दोन बर्थ, सोबत पेशंट आहे.
केंद्रीय विद्यालयात नातू;
तो कोटा बंद झाला, हे मी दर जूनला सांगतो
आणि दर जूनला नवा आजोबा येतो.
तांडापेठेतली गटार.
ती महापालिकेची, खासदाराच्या अखत्यारीत नाही,
पण हे गटारीला कुणी कळवलेलं नाही.

बाई शुक्रवारी रात्री दिल्लीहून येतात.
सभागृहात चांगल्या बोलतात, खालच्या पट्टीत,
समोरचे ओरडले की थांबतात, पाणी पितात, पुन्हा तेच वाक्य.
मार्चमध्ये त्या म्हणाल्या होत्या :
"आता शेवटच्या माणसाच्या आणि धान्याच्या मधे कुणी नाही,
फक्त त्याचा स्वतःचा अंगठा."
बाकं वाजली. पेपरात चौकट आली.
वाक्य माझं होतं.
भाषणाचा मसुदा टंकताना मीच घातलं होतं, सहज,
ते चौकटीचं कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे.

मेमध्ये लहानूजी निखारे आले.
त्र्याहत्तर वय. पन्नास वर्षं हातमागावर नऊवारी पातळं,
धोटा फेकून उजवा खांदा उतरलेला.
खुर्ची दिली तर टेकले नाहीत.
"बाई, तुमी टीव्हीवर बोल्ल्या ना,
मधात कोनी नाई, फक्त अंगठा.
माह्या मधात तर अंगठाच हाये जी.
चार महिने झाले. मशीन म्हन्ते, हा मानूस नाई."

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.
मला मात्र तसं वाटलं.

त्यांनी शिक्क्याचं पॅड ओढलं,
म्हाताऱ्याचा अंगठा स्वतःच्या हातात धरला
आणि लेटरहेडवर, राजमुद्रेच्या खाली, दाबला.
जांभळा लंबगोल उमटला.
एक रेघ नाही, एक वळण नाही.
सुतानं सगळं पुसून नेलेलं.
"बुरडे, हेच पाठवा. वर फक्त नाव लिहा."

जावक क्रमांक चारशे अकरा.
सोळा दिवसांनी परत आलं :
"संलग्न प्रत अस्पष्ट. कृपया सुवाच्य प्रत सादर करावी."

जुलैमध्ये बाईंनी प्रश्न टाकला, अतारांकित.
लेखी उत्तर आलं : माहिती गोळा करण्यात येत आहे.
त्याच आठवड्यात मतदान झालं,
बाईंनी पक्षाबरोबरच बटण दाबलं.
मी टीव्हीवर पाहिलं, बोट कुठलं होतं ते दिसलं नाही.

लहानूजींना धान्य सुरू झालं, पण पत्रानं नाही.
एका रात्री बाईंनी पुरवठा अधिकाऱ्याला फोन लावला,
आवाज चढवला. असा आवाज मी सभागृहात ऐकलेला नाही.
आता सुनेचा अंगठा चालतो.
जावकच्या वहीत फोनला रकाना नाही,
म्हणून हे काम झालं याची नोंद नाही.

हिवाळी अधिवेशनाचं भाषण मीच टंकलं.
त्याच योजनेची बाजू, तेच आकडे, पंधरा मिनिटं.
अंगठ्याचं वाक्य बाईंनी पेनानं खोडलं होतं,
दोनदा, कागद फाटेस्तोवर.
त्या जागी काही लिहिलं नव्हतं.
मी तिथं पूर्णविराम देऊन पुढं गेलो.

काल लहानूजी पुन्हा आले.
मी खुर्ची ओढली. या खेपेला बसले.
"माह्यासाठी नाई जी," म्हणाले,
"शेजारची शेवंता हाये, बिड्या वळते.
तिचे दहाही गेले."

मी वही उघडली.
बाहेर कुणीतरी गटारीबद्दल विचारत होतं.