सीटखालचा डोळा

हेल्मेटवर एक डोळा, सीटखाली दुसरा.
विल्फ म्हणतो, चेटकिणीला शोभेल असा थाट.
म्हणू दे. त्याच्याकडे बसचा पास आहे.

शेफील्डमध्ये सपाट म्हणून काही नाही.
सव्वासहाला मी उतारावरून सुटते
तेव्हा ट्रामचे ओले रूळ चाकाला टपून असतात.
ते काटकोनातच ओलांडायचे,
हे मला मनगट मोडल्यावर कळलं.
तो एक्स-रे निघाला माझ्याच मशीनवर.

दिवसभर मी लोकांची हाडं बघते.
हाडं खोटं बोलत नाहीत,
पण धक्का कुणी दिला तेही सांगत नाहीत.
म्हणून हे दोन डोळे.

त्या मंगळवारी चढावर
गाद्यांच्या कंपनीची व्हॅन मला जवळजवळ घासून गेली.
तिच्या अंगावर एक बाई रंगवली आहे,
गालाखाली हात घेऊन गाढ झोपलेली.
तिची मिटलेली पापणी
माझ्या कोपरापासून वीतभर.
इतक्या जवळून मी माझ्या आईलाही
झोपलेली पाहिलं नाही कधी.

रात्री ताटं विसळून कार्ड काढलं.
पडद्यावर मी नव्हतेच; नुसता रस्ता, हॅन्डल
आणि कुणाचा तरी श्वास.
चढाचा, लयीतला. मग तो तुटतो.
मग एक शिवी,
जी मला येते हे विल्फला ठाऊक नव्हतं.

पोलिसांच्या अर्जात रकाना आहे: अंतर किती?
वीत चालत नाही तिथे.
म्हणून रात्री अकराला विल्फच्या हातात टॉर्च,
मी टेप घेऊन रस्त्यावर ओणवी;
गटाराच्या झाकणापासून पांढऱ्या रेषेपर्यंत,
वजा व्हॅन, वजा मी.
उरतं किती?
समोरच्या मिसेस ओल्डरॉइडनी पडदा सरकवला,
पाहिलं, पुन्हा ओढून घेतला.

घरी येऊन दीड मीटर मोजला:
फ्रिजपासून टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत.
एवढीच जागा मागते मी.
स्वयंपाकघरात ती असते.

एकवीस सेकंद कापून पाठवले.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं.
आभारी आहोत. कार्यवाही झाली आहे.
कसली, ते सांगत नाहीत.
मी चालवणाऱ्याचा चेहरा शोधला, चित्र थांबवून, मोठं करून.
काचेत नुसतं आभाळ होतं.

मग परवा.
घरी येऊन सहज मागच्या डोळ्यातलं बघत होते
(सहज कसलं, सवयच लागली आहे;
विल्फ याला रोग म्हणतो)
तर चढावर माझ्या मागे एक पांढरं नाक.
नंबर मला पाठ आहे.
मी मान खाली घालून, जीव खाऊन पेडल मारतेय,
मला पत्ताही नाही.
तो मागे. एक मिनिट चाळीस सेकंद.
त्याच्या मागे गाड्यांची रांग,
कुणीतरी हॉर्नवर तळहात दाबून धरलाय,
तो तसाच, माझ्या वेगाने.
रस्ता रुंद होतो तेव्हा कुठे
तो पार उजवीकडून निघतो,
आणि पुढच्या डोळ्यात ती बाई येते, लांबून, छोटीशी,
कुणी तिला उठवलेलं नाही.

याला अर्ज नाही.
आज मला कुणी जाऊ दिलं,
हे कुठल्या रकान्यात भरायचं?
तीन दिवसांत कार्ड भरतं
आणि जुन्यावर नवं लिहायला लागतं.
मी ती फाइल बाजूला काढली.
नाव काय द्यावं सुचेना, तारीखच राहू दिली.

दोन्ही डोळे आता ओट्यावर, टोस्टरशेजारी,
चार्जिंगचे लाल ठिपके.
उद्या पहाटे रस्ते गोठतील म्हणतात.
चाकांत हवा जरा कमी ठेवायला हवी.