फक्त झाकण लावायचं बाकी

माझ्या दुकानात सतरा मिक्सर आहेत.
सतराही चालतात.
एकालाही बूड नाही.

मोटर जळलेली असो, कार्बन झिजलेला असो,
मला रोग वासावरून कळतो.
उघडतो, शोधतो, जोडतो,
वायर लावून एकदा घुर्र करून बघतो,
आणि त्या घुर्रमध्येच
माझ्यापुरतं काम संपतं.
उरतात बुडाचे चार स्क्रू.
ते मी सोड्याच्या बाटलीच्या बुचात ठेवतो,
हरवू नयेत म्हणून.
आता बुचं एवढी झालीत
की कुठले चार कुणाचे हे लावणं
हे एक वेगळंच काम होऊन बसलंय.

तेही सुरू केलंय, अर्थात.

म्हापशात माझं नाव आहे.
हळदोण्याहून, थिवीहून, पार कोलवाळहून माणसं येतात,
"शाणूच्या हाताला गुण आहे" म्हणत
पिशवी टेबलावर ठेवतात
आणि पुढचे कितीतरी शुक्रवार
बाजार आटपला की डोकावून जातात.
"जालें?"
"जालेंच म्हण."

खोटं नसतं ते.
खोटं बोलणाऱ्याला निदान माहीत असतं
की आपण करणार नाही.
मला दर वेळी वाटतं, आत्ता,
हा चहा झाला की.

समोर चार स्क्रू, हातात स्क्रूड्रायव्हर,
मध्ये एक वीत.
ती वीत तुम्हाला कशी समजावू?
नदी काही रुंद नाही.
धक्क्यावर मी वेळेत आलेलो आहे.
फेरीबोट पलीकडे लागलेली दिसते,
आणि तिचा ड्रायव्हर
जेवायला गेलाय.

प्रगतिपुस्तकात बाई लिहायच्या: हुशार, पण धरसोड.
बायको आळशी म्हणायची.
मग एका मेलेल्या रेडिओच्या पोटात
रात्रीचे दोन वाजेपर्यंत डोकं घालून बसलेला
तिने मला पाहिला,
आणि तो शब्दही टाकून दिला.
दुसरा काही सापडला नाही तिला.
ते जास्त लागलं.

घरची लाईट कापली तेव्हा
बिल माझ्या खिशात होतं.
पैसे पण.
त्याच खिशात.

परवा शिवोलीची पियेदाद आली.
मिक्सर तिने बोडगेश्वराच्या जत्रेआधी हवा म्हणून दिलेला.
"कुठल्या वर्षीच्या?" मी विचारलं,
आणि खरंच विचारत होतो.
ती हसली नाही. ओरडलीही नाही.
स्टूल ओढलं,
बाजाराच्या पिशवीतून लसणीचे गड्डे काढून
मांडीवर घेतले.
"हांव बसतां हांगा. तूं कर."

आणि सोलू लागली.
माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.
पाकळी, साल. पाकळी, साल.
तिचं नख चालत होतं
आणि त्याच्या आसपास कुठेतरी
माझा हात चालू लागला.
पहिला. दुसरा.
तिसरा जरा आडवा गेला, काढून परत बसवला.
चौथा.

घड्याळात नऊ मिनिटं गेली होती.

तिने पैसे मोजले, साली कागदात बांधल्या,
"बरें" म्हणून गेली.
काय केलं तिने?
काही नाही. होती.

त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला
असं म्हणता येत नाही कुणाला
की बाबा रे, काम मला येतं,
तू नुसता शेजारी बस,
पेपर वाच, जांभया दे,
लसूण सोल.

स्टूल मी अजून हलवलेलं नाही.
एक साल खाली राहून गेलीय,
पंख्याच्या वाऱ्याने इकडून तिकडे सरकते.
काल तिच्याकडे बघत बघत
थिवीच्या मास्तरांच्या मिक्सरचे
तीन स्क्रू लावले.

चौथा बुचात आहे.
कुठल्या, तेही माहीत आहे.