चार जीबी

मामा, गेल्या दहा वर्षांत कुठल्या बँडांनी,
कुठल्या प्रकारांनी गाणं घडवलं, सांग,
कॉलेजात लिहून द्यायचंय, म्हणालीस.
मला विचारायलीस होय गे, अक्षता?
खडेबाजारात दीड माणूस मावेल अशा दुकानात
मी दहा रुपयाला कार्ड भरून देत होतो.
चार जीबीत काय मावतं, तेवढंच मला ठाऊक.

तरी लिही.
पहिल्यांदा बेंजो होता.
कंग्राळीच्या सटुप्पाची पार्टी, दोन ढोल, एक कीबोर्ड,
निळे कोट, त्यातल्या एकाची बाही कायम उसवलेली.
हळदीची सुपारी द्यायला लोक दोन महिने आधी यायचे.
मग बॉक्स आले.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घराएवढे काळे बॉक्स,
आणि गाणं कानातनं नाही, बरगडीतनं शिरायला लागलं.
मिरवणूक दुकानासमोरनं गेली की
काउंटरवरचे चार्जर आपोआप सरकायचे.
एका वर्षी शोकेसची काच गेली.
त्याच साली सटुप्पानं कीबोर्ड विकला,
घेतला तो बॉक्सवाल्यानंच.

कॅम्पातला मेल्विन वेगळाच.
काळा टी-शर्ट, त्यावर वाचताच येणार नाही असं नाव.
गॅदरिंगला त्याचा बँड वाजला तेव्हा
प्राचार्यांनी दोनदा फ्यूज काढायला लावला.
ह्याला मेटल म्हणतात, म्हणाला.
मी फोल्डरला नाव दिलं, लोखंड.
त्यातनं तीनच कार्डं भरली, तिन्ही त्याचीच.

वडगावात मागावर बसणारा नागराज
खटखटीवर बोल बसवायचा.
अर्धे कन्नड, अर्धे मराठी,
शिव्या दोन्हीतल्या.
रॅप हे नाव त्याला नंतर कळलं.

नंतर तुझ्या शाळेतल्या पोरी यायला लागल्या,
कोरियातल्या पोरांची गाणी मागत.
विचारलं, कळतं काय गे ह्यातलं?
म्हणाल्या, अंकल, कन्नडचा पेपर तरी कुठं कळतोय.

हे सांगतो ते लिहू नको.
लाल-पिवळा रुमाल गळ्यात घालून येणारा एकजण
हळूच लावण्या भरून न्यायचा.
आणि गाडीला भगवा झेंडा लावणारा आमचा परशराम,
त्याला गोकाकच्या पोरीपायी
कन्नड सिनेमातली रडकी गाणी लागायची.
फोल्डरला नाव भजन दे, म्हणाला.

मग नेट स्वस्त झालं.
रांग कधी संपली, तारीख आठवत नाही.
आता कव्हर विकतो, काचा चिकटवतो.

तुला आकडाच पाहिजे असेल तर
तो बघ, स्टुलावर बसलाय तो.
भरमू. भाजीचा टेम्पो घेऊन
रोज रात्री चोर्ल्यानं गोव्याला जातो.
आठ वर्षांमागं एकच गाणं घेऊन आला, ट्रॅक झिरो सेव्हन.
म्हणाला, कार्ड भरेपर्यंत हेच टाक गा,
टेपचं रिपीटचं बटण मोडलंय.
ऐकून बघितलं.
कुणाच्या तरी वरातीत मोबाईल धरून घेतलेलं,
सटुप्पाचा बेंजो,
मधेच कोण तरी ओरडतंय, गाडी मागं घे, मागं घे.
सातशे चाळीस वेळा टाकलं.
ह्यानं झोप येत नाही, म्हणाला.
घाटात रेंज नसते.

मोजलंस तर अख्ख्या दशकात
हेच गाणं सगळ्यात वरती येतंय, बघ.
काल त्याचं कार्ड गेलं, म्हणून परत आलाय.
जुना कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं गेली.

प्रकाराच्या रकान्यात काय लिहू, म्हणतीस?
त्यालाच विचारलं असतं,
पण डोळा लागलाय बिचाऱ्याचा, भिंतीला टेकून.
रात्री परत घाट आहे.
दोनशे बारा झाली.
हळू बोल.